‘कोळंबी नाही ना?’ असे विचारू नका

ठाण्याच्या एका भगिनीने पाठवलेल्या सविस्तर पत्राचा आशय असा आहे. त्यांचे वय ३९, माहेर रेवदंड्याचे आणि सासर वेंगुर्ल्याजवळचे, त्यामुळे लहानपणापासून ताटात मासळी आणि मासळीत सर्वांत लाडकी कोळंबी. दोन वर्षांपूर्वी कोळंबी खाल्ल्यावर ओठांना खाज सुटू लागली, पण तिकडे त्यांनी दुर्लक्ष केले. गेल्या नोव्हेंबरात नात्यातल्या एका साखरपुड्यानंतर सगळे हॉटेलात जेवायला गेले, तेव्हा त्यांनी मुद्दाम कोळंबी टाळून सुरमईची थाळी मागवली. वीस मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला, उलटी झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पर्समधली सेट्रिझिनची गोळी घेऊन त्या तासभर गाडीत पडून राहिल्या, मग त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. कोळंबी आणि खेकडा, शेवंड अशा तिच्या वर्गातल्या कवचधारी प्राण्यांची ॲलर्जी असल्याचे पुढे तपासणीत निष्पन्न झाले. तेव्हापासून पाच महिने त्यांनी घराबाहेर पाण्याशिवाय काहीही घेतलेले नाही. सासूबाईंच्या मते हे पित्त आहे, जाऊबाईंच्या मते थोडी थोडी खाल्ली की सवय होईल. मे महिन्यात गावी पुतण्याचे लग्न आहे आणि पावसाळ्यानंतर कार्यालयाची सहल गोव्याला जाणार आहे. आपण पुन्हा कधी निर्धास्तपणे बाहेर जेवू शकू का, घरी मुलांसाठी कोळंबी शिजवावी की नाही आणि घरच्यांना हे कसे पटवावे, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी तीनदा वाचले. ‘मी वेटरला विचारलं होतं, यात कोळंबी नाही ना, आणि तो नाही म्हणाला.’ तुम्ही निष्काळजी नव्हता, हे आधी स्वतःला सांगा. तुम्ही विचारले होते, पण ज्या शब्दांत विचारले त्यातच उत्तर भरवून ठेवलेले होते. आपल्या भाषेत ‘नाही ना?’ म्हटले की समोरचा माणूस आपल्याला दिलासा देण्यासाठी ‘नाही’ म्हणतो. घाईत असलेला, चार टेबले सांभाळणारा, स्वयंपाकघरात नेमके काय शिजले ते पाहिलेले नसलेला वेटर तर म्हणतोच. बहुधा तो खोटे बोलला नाही. तुमच्या सुरमईच्या तुकडीत कोळंबी नव्हतीच, एवढेच त्याला ठाऊक होते.

कोळंबी त्या थाळीत कुठून आली असेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल, कारण तुम्ही दोन्ही बाजूंनी मासेखाऊ घरांतल्या आहात. रवा लावायची परात एकच असते. तिच्यात आधी कोळंबी घोळली जाते, मग बांगडा, मग सुरमई, आणि सगळे त्याच तव्यावर, त्याच तेलात भाजले जाते. थाळी सुरमईची असली तरी वाटीतले कालवण सुरमईचेच असते असे नाही. पुष्कळ खानावळींत एकच मोठे पातेले शिजते आणि प्रत्येक थाळीबरोबर तेच वाढले जाते. सुकी भाजी तर निरुपद्रवी वाटते, पण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत वांग्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, पडतात, पडवळात किंवा दुधीत मूठभर बारीक कोळंबी पडते आणि तिला कोणी ‘मासळी’ म्हणत नाही, ती चव आणण्यापुरती असते. कोशिंबिरीसारखी दिसणारी वाटी जवळ्याच्या, म्हणजे अगदी बारीक सुक्या कोळंबीच्या, किसमूरची असू शकते. कोळंबीतल्या ज्या प्रथिनामुळे बहुतेकांना त्रास होतो ते ट्रोपोमायोसिन उष्णतेने नष्ट होत नाही. तळले, उकळले, उन्हात वाळवले तरी ते टिकते आणि शिजवण्याच्या वाफेबरोबर हवेतही जाते. सुरमई, पापलेट, बांगडा यांतले त्रासदायक प्रथिन वेगळे असते. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी मासळीला परवानगी दिली असेल तर मासळी तुमची शत्रू नाही, तवा आहे. शिंपल्यांतल्या तिसऱ्या व कालवे आणि माकुल (स्क्विड) यांचा वर्ग वेगळा असला तरी त्यांच्यातले ट्रोपोमायोसिन थोडेफार सारखे असते. काहींना ती चालतात, काहींना चालत नाहीत. हा निर्णय स्वतः चाखून करायचा नाही, तो ॲलर्जीतज्ज्ञावर सोडा.

बाहेर जेवण्याकडे वळण्याआधी त्या गाडीतल्या तासाबद्दल लिहिणे मला फार गरजेचे वाटते. अंगावर गांधी, घसा आवळणे, उलटी आणि अंधारी ही लक्षणे एकत्र येतात तेव्हा त्या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यावरचे पहिले औषध ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हेच आहे. सेट्रिझिन किंवा ॲव्हिल खाज कमी करते, पण सुजलेला घसा मोकळा करत नाही आणि घसरलेला रक्तदाब वर आणत नाही. तुम्ही वाचलात याचा मला मनापासून आनंद आहे, पण गोळीमुळे वाचलात असे समजू नका. परदेशात मिळणारे पेनासारखे तयार इंजेक्शन आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात सहजासहजी मिळत नाही, म्हणून डॉक्टर रुग्णाला ॲड्रेनालिनची कुपी आणि सिरिंज जवळ ठेवायला सांगतात किंवा सिरिंज भरून देतात. १ मिलिलिटरच्या त्या कुपीत १ मिलिग्रॅम औषध असते आणि प्रौढ व्यक्तीला साधारण ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत दिले जाते. तुमचा नेमका डोस डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कुपी फोडून औषध भरण्याचा सराव त्यांच्यासमोर तुम्हीच नव्हे तर तुमच्या पतीनेही करावा, कारण त्या क्षणी तुमचे हात थरथरत असतील. दोन डोस जवळ ठेवा. पहिल्याने उतार पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी दुसरा द्यावा लागतो, आणि तुमच्या सासरच्या गावाहून सावंतवाडीचे किंवा ओरोसचे मोठे रुग्णालय गाठायला त्याहून बराच वेळ लागणार. इंजेक्शन दिल्यावर आडवे पडून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर बसावे, पण उठून चालू लागू नये. १०८ ला फोन करावा आणि बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात. तुम्हाला दमा असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण काही गोळ्यांमुळे ॲड्रेनालिनचा परिणाम कमी होतो.

ही तयारी पर्समध्ये असली की बाहेर जेवणे शक्य आहे. पाच महिने पाण्यावर काढणे हा उपाय नाही, ती शिक्षा आहे, आणि ती तुम्ही स्वतःला देऊ नये असे मला कळकळीने वाटते.

सुरुवात जिथे कोळंबी शिरतच नाही अशा ठिकाणापासून करा. आपल्या शहरांत शुद्ध शाकाहारी उपाहारगृहे पावलोपावली आहेत आणि तुमच्या ॲलर्जीपुरते हे मोठे वरदान आहे. ज्यांना शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असते त्यांना अशी पाटी काही कामाची नसते, तुमच्या मात्र आहे. पाकिटबंद पदार्थांवरचा हिरवा ठिपकाही तुम्हाला तसाच उपयोगी आहे, पण त्याखालची बारीक अक्षरे वाचायची सवय ठेवा. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार कवचधारी प्राणी आणि त्यांच्यापासून केलेले घटक पाकिटावर स्वतंत्रपणे जाहीर करणे बंधनकारक आहे. त्या यादीत तिसऱ्या-कालव्यांचा वर्ग मात्र नाही, म्हणून ऑयस्टर सॉससारख्या पदार्थांत घटकांची पूर्ण यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच नियमांनी दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांवर ॲलर्जीकारक घटकांची माहिती देण्याची जबाबदारी टाकली आहे. तिथे ती माहिती मागताना आपण कोणाला त्रास देत आहोत असे वाटून घेण्याचे कारण नाही. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही म्हणून सांगते: गुडघेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवतात, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आयोडीनयुक्त मिठाला मात्र घाबरू नका. ही ॲलर्जी आयोडीनची नसते, तो जुना गैरसमज आहे.

मिश्र हॉटेलात जाल तेव्हा गर्दीची वेळ टाळा, वेटरऐवजी व्यवस्थापकाशी किंवा शक्य असेल तर थेट स्वयंपाक्याशी बोला, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येऊच शकणार नाही असे प्रश्न विचारा. ‘कालवण कशाचं आहे?’ ‘भाजीत काय काय घातलंय?’ ‘आज या तेलात काय काय तळलं?’ मग आपली गोष्ट पूर्ण सांगा. मी तुमच्या जागी असते तर असे म्हणाले असते: ‘कोळंबी, खेकडा, शेवंड, जवळा, सोडे यांतलं कणभरही पोटात गेलं तर मला हॉस्पिटलात न्यावं लागतं. माझी सुरमई धुतलेल्या तव्यावर, नव्या तेलात, वेगळ्या रव्यात करता येईल का? येत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी डाळ-भात घेईन.’ शेवटचे वाक्य गाळू नका. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोय करून दिली की तो खरे सांगतो. ‘जमणार नाही मॅडम’ असे उत्तर आले तर त्याचे आभार माना, त्याने तुमच्यावर उपकार केले आहेत. आणि ‘ॲलर्जी’ या एका शब्दावर विसंबू नका. आपण तो शब्द नावडत्या माणसांपासून गणितापर्यंत कशालाही लावतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते नुसते नाक मुरडणे वाटते. ‘वावडे’ म्हटले तरी तेच होते. ‘हॉस्पिटल’ हा शब्द उच्चारला की माणूस हातातले काम थांबवून ऐकतो.

भीड आड येते, हे मला ठाऊक आहे. मला स्वतःला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि महाराष्ट्रात ती असणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. काही वर्षांपूर्वी एका आषाढी एकादशीला एका नातलग बाईंकडे फराळाला गेले होते. त्यांना मी आदल्या दिवशी फोन करून सांगितले होते आणि त्यांनीही आठवणीने माझ्यासाठी दाण्याच्या आमटीऐवजी ताक ठेवले होते. पण काकडीच्या कोशिंबिरीवर सवयीने कूट पडले होते, ते लक्षात येताच त्यांनी माझ्यादेखत चमच्याने वरचा थर अलगद काढला आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. कोशिंबिरीवर त्या चमच्याची खाच उमटलेली होती आणि खाचेच्या कडेला कुटाचे तीन-चार कण चिकटलेले मला स्पष्ट दिसत होते. त्यांचा चेहरा इतका अपराधी झाला होता की मी काही न बोलता एक घास घेतला. ती रात्र मी रुग्णालयात काढली, आणि त्या बाईंनी रुग्णालयाच्या बाकड्यावर. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. त्या रात्री त्यांना झालेले दुःख मी वाटी परत केली असती तर वाटलेल्या संकोचापेक्षा शंभरपट मोठे होते.

आता तुमच्या सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका, कारण त्या जे म्हणत आहेत त्यामागे अनुभव आहे. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे आणि ते तासाभरात बसते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे, आणि तुमच्या गांधी दिसायला तशाच होत्या. फरक कातडीवर दिसत नाही, तो घशात आणि रक्तदाबात असतो. ‘इतकी वर्षं खात होतीस, आता काय झालं?’ या त्यांच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. कोळंबीची ॲलर्जी बऱ्याच जणांना मोठेपणीच सुरू होते आणि एकदा सुरू झाली की सहसा जात नाही. धुळीतल्या सूक्ष्म कीटकांत आणि झुरळांतही कोळंबीसारखेच ट्रोपोमायोसिन असते, त्यामुळे आधीपासून धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाचे शरीर कोळंबीवर उलटण्याची शक्यता असते. तुमच्या पत्रात सकाळच्या शिंकांचा ओझरता उल्लेख आहे, तो पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर सांगा. हे सगळे तुमच्या तोंडून ऐकण्याऐवजी सासूबाईंनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे, म्हणून त्या भेटीला त्यांना बरोबर न्या. सूनबाईच्या जिवाची गोष्ट आहे हे एकदा कळले की याच बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून तुमची राखण करतील असा माझा विश्वास आहे.

जाऊबाईंचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. थोडे थोडे देऊन सवय करण्याचे उपचार काही ॲलर्जींसाठी केले जातात, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून आणि ॲड्रेनालिन हाताशी ठेवून. घरी कालवणाचा चमचा चाटून पाहणे हा उपचार नव्हे. त्याच हिशेबाने, रक्ताच्या एका नमुन्यावरून शे-दोनशे पदार्थांच्या ॲलर्जी सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांच्या मागेही लागू नका. चाचणीत आकडा वाढलेला दिसला म्हणजे तो पदार्थ बाधतोच असे नाही, आणि अशा याद्यांपायी माणसे उगाच दूध, गहू, अंडी सोडून बसतात.

घरच्या कोळंबीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तुम्ही ती साफ करू नका, शिजवू नका आणि ती शिजत असताना त्या खोलीत थांबू नका. वाफेनेही त्रास होऊ शकतो. मुलांचा हिरमोड होईल हे खरे, पण त्यांना कोळंबी आजीच्या किंवा मावशीच्या घरी मिळू शकते, त्यासाठी ती तुमच्या ओट्यावरच यायला हवी असे नाही. पतीने हौसेने करायची ठरवलीच तर कढई, सुरी, फळी आणि उलथणे वेगळे असावे आणि भांडी साबणाने व गरम पाण्याने घासावीत, नुसते फडक्याने पुसून भागत नाही.

लग्नाचा दिवस बहुधा शाकाहारी असेल, धोका आदल्या आणि नंतरच्या दिवसांच्या घरगुती पंगतींत आहे. गावी पोहोचल्यावर नव्हे, तर आत्ताच, जेवणाचे ज्यांच्याकडे असेल त्यांना फोन करा आणि तुमचे ताट वाढण्याचे काम एकाच माणसाकडे सोपवा, म्हणजे कालवणाचा डाव भाजीच्या पातेल्यात जाणार नाही. मे महिन्याच्या उन्हात इंजेक्शन गाडीत ठेवू नका, सावलीत, पर्समध्ये, अंगाजवळ ठेवा. औषध तपकिरी झाले असेल किंवा मुदत संपली असेल तर बदला. लग्नानंतर पावसाळ्यात गावी पुन्हा जाणे झाले तर सावधगिरी उलट वाढवावी लागेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी होते आणि प्रत्येक घरात सुकटीचा डबा उघडतो. जवळ्याची चटणी, सोडे घातलेली भाजी, भाजलेल्या सुक्या करंदीची भुकटी, हे सगळे त्याच दोन महिन्यांत जास्त.

गोव्याच्या सहलीसाठी जेवणाचे आयोजन करणाऱ्या सहकाऱ्याला आधीच ईमेल करा, टेबलावर सगळ्यांसमोर सांगायची वेळ येऊ देऊ नका. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत काम करणारी मुले पुष्कळदा परप्रांतांतून आलेली असतात, त्यांना ‘सुंगटां’ हा कोळंबीचा कोकणी शब्द कळेलच असे नाही. म्हणून एका कार्डावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मजकूर लिहून घ्या आणि त्यात झींगा, चिंगडी हे शब्दही घाला. बुफेत एकच डाव चार पदार्थांत फिरतो, तेव्हा स्वयंपाकघरातून तुमची थाळी वेगळी मागवा. थाई किंवा चिनी पदार्थ टाळा, कारण त्यांच्या वाटणात आणि सॉसमध्ये कोळंबी किंवा कालवे असण्याची शक्यता मोठी असते आणि कढई सगळ्यांना एकच असते. मद्य, अंगदुखीच्या काही गोळ्या आणि जेवणाआधी-नंतरचा जोराचा व्यायाम यांमुळे ॲलर्जीची तीव्रता वाढू शकते, हे सहलीच्या दिवशी विशेष लक्षात ठेवा. आणि सहकाऱ्यांपैकी किमान एकाला इंजेक्शन कुठे आहे ते दाखवून ठेवा.

त्या सगळ्याआधी, याच महिन्यात, एखाद्या मधल्या वारी संध्याकाळी सातच्या सुमारास पतीबरोबर घराजवळच्या शाकाहारी उपाहारगृहात जा आणि पोटभर जेवा. तिथे दोन-तीनदा जाऊन मनातली धास्ती कमी झाली की मग ओळखीच्या एका मासळीच्या खानावळीत, गर्दी नसताना, स्वयंपाक्याशी बोलून सुरमई मागवा. ताट समोर आले की पहिला घास घेण्याआधी, ते कोणत्या तव्यावरचे आहे, हे वाढणाऱ्याला पुन्हा एकदा विचारा.